चिरंजीव, पण ओळखणार कोण?

लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ हे अक्षर छापलेले असते. धाकट्यांना पत्र लिहितानाही आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘चि.’ लिहीत आलो. थोरांचा सगळा आशीर्वाद या एका अक्षरात सामावलेला असतो: चिरंजीव हो, दीर्घ काळ जग. वाढदिवसाच्या जुन्या विधीत सप्तचिरंजीवांचे स्मरण करून गूळ-तीळ घातलेले दूध देण्याची चालही अनेक घरांत आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम ही ती सात नावे. त्यातले पहिलेच नाव विचारात पाडणारे आहे, कारण अश्वत्थाम्याला दीर्घायुष्य मिळाले ते शाप म्हणून.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात ही कथा येते. झोपेत असलेल्या पांडवपुत्रांना अश्वत्थाम्याने मारले, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, आणि श्रीकृष्णाने त्याला शाप दिला. त्या शापात मरण नाही. तीन हजार वर्षे निर्जन प्रदेशांत भटकावे लागेल, सोबतीला कोणी नसेल, बोलायला कोणी मिळणार नाही, अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी येत राहील आणि माणसांच्या वस्तीत जागा मिळणार नाही, असा तो शाप आहे. लोकसमजुतीत त्याच्या कपाळावरची जखम अजून भळभळते आणि तो दारोदार तेल मागत फिरतो. जगण्याला अंत नाही आणि ओळख दाखवणारा कोणी नाही, याहून मोठी शिक्षा व्यासांनाही सुचली नाही.

हीच कल्पना एका इंग्रजी कादंबरीत अगदी वेगळ्या रूपात आली आहे. व्ही. ई. श्वाब या लेखिकेची ‘द इनव्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लारू’ ही अद्भुतरम्य कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. तुमच्या नातवंडांपैकी कोणाच्या तरी हातात ती असेल. १७१४ साली फ्रान्समधील एका खेड्यातली मुलगी मनाविरुद्धचे लग्न टाळण्यासाठी अंधाराच्या देवतेशी करार करते. तिला अंतहीन आयुष्य मिळते. पण ती नजरेआड झाली की जो तो तिला विसरतो. धावत घरी परतलेल्या त्या मुलीला तिची आईसुद्धा ओळखत नाही. तीनशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका पुस्तकांच्या दुकानात तिला आठवण ठेवणारा पहिला माणूस भेटतो, आणि कथेला वळण लागते.

आरोग्याच्या सदरात पुराण आणि कादंबरी कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे कारण असे की या दोन्ही कथांत जे घडते ते भोर-वेल्ह्याच्या घराघरांत मला दिसते. दीर्घायुष्य हा वर ठरतो की शाप, हे पुष्कळदा एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते. आपल्याला ओळखणारे कोणी उरले आहे का, एवढीच ती गोष्ट.

वर अर्धा मिळाला आहे

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या आसपास आहे. त्यात बालमृत्यू कमी झाल्याचा वाटा मोठा असला, तरी सत्तरी आणि ऐंशी पार केलेली माणसे आता प्रत्येक वाडीत आहेत. सहस्रचंद्रदर्शनाचे सोहळे पूर्वी क्वचित होत, आता ते वरचेवर होतात.

पण गावे रिकामी झाली. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याची, भाटघर आणि गुंजवणीच्या पाण्याकाठची, हिर्डस मावळातली तरुण माणसे पुण्या-मुंबईला गेली. घरी उरली ती भातखाचरे, एखादी म्हैस आणि दोन म्हातारी माणसे, कधी एकच. पूर्वी या भागात वाटेने जाणाऱ्या पोराला कोणीही थांबवून विचारत असे, ‘कुणाचा रं तू?’ त्या प्रश्नात नावाला महत्त्व नसे. तू कोणत्या घरचा, कोणाचा नातू, हे कळले की ओळख पटली. आता हा प्रश्न विचारणारी माणसे ओट्यावर बसून असतात, पण उत्तर द्यायला वाटेवर पोर नसते.

एकाकीपणा हा नुसता मनाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एक जण एकाकीपणाने त्रस्त आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची, टाळता किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणे नोंदवली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान आहेतच, पण ऐकू न येणे, दृष्टी अधू होणे आणि माणसांपासून तुटणे हीसुद्धा आहेत.

अश्वत्थाम्याची जखम

अश्वत्थाम्याला माणसांपासून दूर ठेवणारी गोष्ट त्याच्या अंगावरच होती. वृद्धांच्या बाबतीतही पुष्कळदा असेच असते. आजोबा देवळात जायचे थांबले, आजी हळदीकुंकवाला जाईनाशी झाली, तर घरचे म्हणतात, ‘वय झालं, मन लागत नाही.’ त्यामागे एखादा अगदी साधा, उपचार होण्याजोगा आजार लपलेला असतो. चार गोष्टी आवर्जून तपासा.

पहिली, कान. ऐकू न येणारा माणूस चारचौघांत हसतो तेव्हा हसतो, पण बोलत नाही, आणि हळूहळू येणेच बंद करतो. काही वेळा कानात नुसता मळ साचलेला असतो. तो दवाखान्यात काढून घ्यावा. घरी काडी किंवा केसातली पिन घालू नये. मळ नसेल तर श्रवणयंत्राची गरज आहे का ते पाहावे. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी ते फडताळात ठेवू नये.

दुसरी, डोळे. मोतीबिंदूमुळे चेहरे धूसर दिसतात आणि मग ‘आजी ओळखत नाही’ असे घरचे म्हणू लागतात. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, दातांची कवळी अशी साधने राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मिळू शकतात. शिबिराची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात करावी.

तिसरी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. खोकला आला, हसू आले की लघवी सुटते. मग एसटीचा प्रवास नको, कीर्तन नको, लेकीचे घर नको. हा वयाचा अटळ भाग नाही. अंग बाहेर येणे, प्रोस्टेट वाढणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता अशी त्याची कारणे शोधता येतात आणि व्यायामाने, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळ फरक पडतो. पाणी पिणे कमी करणे हा उपाय नव्हे. त्याने संसर्ग आणि बद्धकोष्ठता वाढते.

चौथी, खरोखरची जखम. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना गेलेली असते. चिखलात अनवाणी काम करताना काटा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून जखम किरकोळ समजू नका. न दुखणारी जखमच जास्त धोक्याची. रोज रात्री तळपाय उजेडात पाहा, स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. जखमेला वास येऊ लागला की माणसे खोलीत यायची कमी होतात, आणि रुग्णाला ते कळते.

विसरल्या जाणाऱ्या घरच्या माणसांसाठी

आता कादंबरीतल्या त्या मुलीकडे वळतो. ती नजरेआड झाली की लोक तिला विसरत. डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या सुनेला, लेकीला, पत्नीला हाच अनुभव दिवसातून दहा वेळा येतो. सकाळी अंघोळ घालून, जेवू घालून ती पाणी आणायला स्वयंपाकघरात जाते आणि परत येते तो सासूबाई विचारतात, ‘तू कुणाची गं?’ तीस वर्षे ज्या घरात राबलो तिथे आपली ही किंमत, असे वाटून अश्रू येणे स्वाभाविक आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. तेवढ्याच घरांत हे अश्रू आहेत.

म्हणून आधी कारण समजून घ्या. मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग दोन्हीकडे असतो. नव्या अनुभवाची कायमची नोंद होण्यासाठी तो लागतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून हा भाग आणि त्याच्या शेजारचा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर भेटलेले कोणीही त्याच्या स्मरणात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिका त्याला वर्षानुवर्षे भेटत राहिल्या आणि त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच होती. २००८ साली तो वारला. मिल्नरबाईंच्या कामात काही उणे होते म्हणून तो विसरत नव्हता. नोंद करणारा भागच त्याच्याकडे नव्हता. अल्झायमरच्या आजारात याच भागाला सुरुवातीलाच इजा होते.

दुसरे असे की नव्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात. पंच्याऐंशी वर्षांची आजी मनाने पंचविसाव्या वर्षात वावरत असेल, तर तिचा मुलगा तिच्या लेखी अजून रांगता आहे. समोर उभा असलेला पिकल्या मिशांचा गृहस्थ तिला मुलगा कसा वाटावा? ती त्याला ‘दादा’ म्हणते, कारण तो तिच्या भावासारखा किंवा वडिलांसारखा दिसतो. म्हणजे ती त्याला परका समजत नाही; नाते चुकते, पण आपलेपण ओळखते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रसंग विसरला तरी त्याची भावना मागे राहते. स्वित्झर्लंडमधील क्लापारेद या डॉक्टरांनी १९११ साली एक अनुभव लिहून ठेवला आहे. त्यांची एक रुग्ण त्यांना रोज नव्याने भेटत असे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या भेटीत तिने त्यांना ओळखले नाही, पण हात मात्र मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. असा प्रयोग आज कोणी करणार नाही आणि करूही नये. पण त्याने दाखवलेली गोष्ट पुढे सौम्य मार्गाने तपासली गेली. २०१४ साली आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण दुःख किंवा आनंद मागे रेंगाळत राहिला.

याचा अर्थ असा की तुम्ही सकाळी प्रेमाने घातलेली अंघोळ वाया जात नाही. सासूबाईंना अंघोळ आठवणार नाही, तुमचे नाव आठवणार नाही, पण मनाला आलेली स्वस्थता दुपारपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर असू शकते. तसेच सकाळी ओरडलेले शब्दही त्या विसरतात आणि भीती मात्र राहते.

यावरून काही नियम निघतात. रुग्णाजवळ समोरून जा, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि प्रत्येक वेळी स्वतःच ओळख सांगा: ‘आत्याबाई, मी तुमची धाकटी सून. चहा आणलाय.’ ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा; पाहुण्यांनाही उंबऱ्यावरच तसे सांगा. ती परीक्षा रुग्णाला नापास करण्यासाठीच असते. वारलेल्या पतीची चौकशी झाली तर ‘ते जाऊन दहा वर्षं झाली’ असे दर वेळी सांगू नका. त्यांच्या दृष्टीने ते दर वेळी नवेच मरण असते. ‘त्यांची आठवण येते का? कसे होते ते?’ असे विचारा आणि बोलू द्या. हाताला तेल लावून हलकेच चोळा. अश्वत्थामा तेल मागत फिरतो असे लोक म्हणतात. तेलाबरोबर त्याला स्पर्शही हवा असेल, असे मला नेहमी वाटते.

आणि ओव्या म्हणायला लावा. लहानपणापासून म्हटलेली गाणी डिमेन्शियातही उशिरापर्यंत टिकतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात सुरू करून राज्यभरातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि गाणारणीचे नाव व गाव त्यांसोबत नोंदवले. आपल्याकडे अनेक देवळांबाहेर वीरगळ उभे असतात. लढून मेलेल्या माणसाला अमर करण्यासाठी कोरलेले, पण कोणाचा कोणता दगड ते आज बहुधा कोणालाच सांगता येत नाही. जात्यापाशी बसणाऱ्या बायकांची नावे मात्र ओवीबरोबर राहिली. तुमच्या घरातल्या आजीची ओवी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि आधी तिचे नाव व गाव तिच्याच तोंडून, नाही तर तुमच्या तोंडून, त्यात येऊ द्या.

विसरणे म्हणजे नेहमी डिमेन्शिया नव्हे

घरच्या घरी निदान करू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार, रक्तातले सोडियम कमी होणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांमुळेही स्मृती मंदावते, आणि यांपैकी बरेच काही सुधारता येते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी गोंधळ वाढू लागला, तर डोक्यात रक्त साचले आहे का ते पाहावे लागते. काल ठीक असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, रात्रभर जागून उठून पळू लागला, तर ते ‘वयाचे’ समजून थांबू नका. संसर्ग, पाण्याची कमतरता, साखर खाली जाणे किंवा पक्षाघात त्यामागे असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. येताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून आणा. झाडपाल्याची आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेलीही.

विसरली जाणारी आणखी एक व्यक्ती घरात असते, ती म्हणजे शुश्रूषा करणारी. फोन येतो तो रुग्णाची चौकशी करायला. तिने स्वतः जेवण केले का, तिचा रक्तदाब कोणी मोजला का, हे कोणी विचारत नाही. पुण्या-मुंबईला असलेल्या भावांनी आणि नणंदांनी पैसे पाठवून थांबू नये. महिन्यातून दोन दिवस येऊन रुग्ण स्वतःकडे घ्यावा आणि तिला माहेरी जाऊ द्यावे. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आणि मनावरच्या ताणासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा मोफत आहे. दोन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

अश्वत्थाम्याच्या कथेला महाराष्ट्रात एक पुढचा भाग आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे, १,३२५ मीटर उंच. तिथे अश्वत्थामा ऋषींचे स्थान मानले जाते. दर दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, सातपुड्यातले आदिवासी बांधव अवघड चढण चढून त्याच्या दर्शनाला जातात. माणसांत जागा मिळणार नाही असा ज्याला शाप, त्याला भेटायला माणसेच डोंगर चढून जातात. शाप उलटवायला त्यांना मंत्र लागला नाही. ती दरवर्षी गेली, एवढेच.

या पंधरवड्यात एक काम करा. तुमच्या वाडीतला, भावकीतला असा एक वृद्ध आठवा ज्याच्याकडे बरेच दिवस कोणी गेलेले नाही. त्याच्या दारात जा, समोर बसा आणि त्याने विचारण्याआधीच सांगा, मी कुणाचा.